पाचगावात घर बांधतोय – आंघोळीच्या पाण्याला सोलर, गिझर, गॅस की बंब?

पाचगावची वीट:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला लागून असलेल्या पाचगावला दीड गुंठ्यात घराचं काम काढलंय. खाली-वर दोन मजले. वरचा स्लॅब पडून झाला, वीटकाम संपत आलंय. आता प्लंबर रोज एकच विचारतोय, "साहेब, गरम पाण्याची लाईन कुठनं काढू?" गिलाव्याच्या आधी त्याला सांगायला पाहिजे आणि घरात एकमत होईना.

माणसं सहा. खाली आई-बाबा, वर आम्ही दोघं आणि दोन पोरं. बाथरूम तीन, एक खाली, दोन वर. स्वयंपाकघर खालीच. नळाचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळी भिस्त बोअरवर. बोअरचं पाणी जड. सध्या शेजारच्याच गल्लीत भाड्यानं राहतोय, तिथं बादलीत सोडायच्या हिटरच्या रॉडवर पांढरा थर चढतोय. नखानं खरवडला की पापुद्रे निघतात.

बायको म्हणते सोलर. बाबा म्हणतात गिझर, बटण दाबलं की पाणी, छतावर चढउतार कोण करणार. मेव्हणा गॅस गिझरवर अडून बसलाय. आईचं वेगळंच, गावाकडच्या घरातला तांब्याचा बंब आणून परसात ठेवा म्हणते. जर्मनीत मावसभाऊ असतो, त्याच्याकडं अख्खं घरच हीट पंपावर तापतं, फरशीखालनं गरम पाण्याचे पाईप फिरवलेत. तो म्हणतो, घर नवीन आहे तोवर तेच करून टाक, नंतर फरशी उकलायला लागेल.

एकदाच काय तो खर्च करायला तयार आहे. पण दरवर्षी जुलैमध्ये पश्चात्ताप नको. इथं कुणी वापरलेलं सांगेल काय?

आठवी गल्ली, राजारामपुरी:

भावा, पाण्याचा सोलर विसर. छतावर विजेची पॅनल टाक आणि बाथरूममध्ये गिझर बसव. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धर, म्हणजे 12 युनिट. त्यात गिझर, फ्रीज, पंखे, बोअरची मोटर, सगळं आलं. आमचं बिल बघून वायरमननं दोनदा मीटर तपासला. काचेच्या नळ्या, क्षार, गळती, काही भानगड नाही. विषय संपला.

पाना-पकड:

विषय एवढ्यात संपत नाही भावा, पण तुझ्याकडं येतो नंतर.

पाचगावकर दादा, मी प्लंबिंगचीच कामं घेतो. वडलांच्या हाताखाली शिकलो, आता माझ्या हाताखाली पोरं आहेत. कळंबा, मोरेवाडी, आर. के. नगर आणि तुमचं पाचगाव, ह्याच पट्ट्यात जास्त. कुठल्या कंपनीचं नाव घेणार नाही, सगळ्यांचा माल बसवायला लागतो.

मशीन कुठलं घ्यायचं ते शेवटी ठरवा. आधी हे ठरवा की आषाढात तुमचं पाणी कशावर तापणार, आणि तापलेलं पाणी बाथरूमपर्यंत किती लांबनं येणार. ह्या दोन गोष्टींवर माझ्या गिऱ्हाइकांची भांडणं होतात, कंपनीवरनं नाही.

लोकांना वाटतं सोलर थंडीत दगा देतंय. आपल्याकडं तसं होत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरावर आला तरी दिवसभर आभाळ निरभ्र असतंय, संध्याकाळी टाकीतलं पाणी हाताला चटका देतंय. परीक्षा असते जुलै-ऑगस्टला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून बातमी येते ना, त्या आठवड्यात सोलरमधनं जे येतंय त्याला कोमट म्हणायचं धाडस मी करणार नाही. आणि नेमकं त्याच दिवसात भिजून आलेल्या पोराला ऊन पाणी पाहिजे असतंय. म्हणून माझं मत असं की पावसाळ्यात पाणी कशावर तापवायचं ती खरी निवड. सोलर हे बाकीच्या आठ-नऊ महिन्यांचं बिल वाचवायचं साधन. तुम्ही दोन्ही घ्या, फक्त जोडणी डोकं लावून करा.

सोलरवाला तुम्हाला सांगेल, टाकीतच हीटरचा रॉड टाकून देतो, वेगळा गिझर कशाला. त्याला नको म्हणा. हिशेब करून दाखवतो. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. 200 लिटरची टाकी 22 अंशावरनं 55 वर न्यायची तर 6,600 किलोकॅलरी, म्हणजे पावणेआठ युनिट. रॉड चालू केला की तो सगळी टाकी तापवत बसतो, आंघोळ एकाची असो नाहीतर सहांची. तेच 15 लिटरच्या गिझरला एका खेपेस अर्ध्या युनिटाच्या थोडं वर लागतं. 55 च्या त्या 15 लिटरात गार पाणी मिसळलं की 40 अंशाचं पंचवीस-सत्तावीस लिटर होतंय, एक बादली आणि वर दोन तांबे. सहा जणांचे साडेतीन युनिट. शिवाय महावितरणचे दर टप्प्यानं चढतात, शंभर युनिटाच्या वर गेला की पुढचं युनिट महाग, तीनशेच्या वर आणखी महाग. तेव्हा पावसाळ्यातला फरक नुसता दुप्पट राहत नाही.

तर सोलरची गरम लाईन गिझरमधनं पुढं न्यायची. पाणी आधीच गरम असेल तर गिझरचा थर्मोस्टॅट चालूच होत नाही. शेजारी दोन व्हॉल्व्हचा बायपास ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात कडक पाणी गिझरमधनं फिरवायला नको. गिझरच्या पॉईंटला 4 चौरस मिमीची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट, पक्कं अर्थिंग, आणि मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. वायरमन "एमसीबी आहे की" म्हणून टाळेल. एमसीबी जादा लोडला पडते, ती वायरचा जीव वाचवते, माणसाचा आरसीसीबी वाचवतो.

आता लांबीचं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) पाईपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. छतावरनं खालच्या बाथरूमपर्यंत वळणं धरून पंधरा मीटर झाले तर जवळजवळ चार लिटर गार पाणी रोज सकाळी आधी वाहून जाणार, मग गरम येणार. तीन बाथरूम तीन कोपऱ्यांत असतील तर तिन्हीकडं तेच. दिवसाआड पाणी येणाऱ्या भागात हे जिवावर येतं. तुमच्या नकाशात बाथरूम एकाखाली एक आहेत काय? असतील तर एकच उभी लाईन, तिच्यावर इन्सुलेशनची नळी आणि तिथनंच फाटे. गरम लाईनीला सीपीव्हीसीच वापरा, साधं पीव्हीसी कुणी दिलं तर मऊ पडून सांध्यातनं गळणार.

जड पाण्याला फ्लॅट प्लेटवालं सोलर नको. त्यात तांब्याच्या बारीक नळ्या असतात, क्षार आतनं बसत जातो आणि साफ करणं त्रासाचं. काचेच्या नळ्यांचं, ईटीसी म्हणतात ते घ्या. क्षार नळीच्या तळाला जमतो, नळी काढून धुता येते, फुटली तर एक बदलता येते. सहा माणसांना 200 लिटर, म्हणजे नेहमीच्या मोठ्या नळ्या साधारण वीस. बादलीनं आंघोळ करणारं घर असेल तर दीडशेत पण भागतं. पोरं शॉवरखाली गाणी म्हणणारी असतील तर दोनशेच.

शुक्रवार पेठ:

गॅस गिझरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या नात्यात एका घरी तो बाथरूमच्या आत बसवला होता. खिडकी लहान, ती पण पावसाचं पाणी आत येतं म्हणून बंद. घरातली सून आंघोळीला गेली, बराच वेळ झाला, आवाज नाही. दार तोडलं. शुद्ध हरपली होती, वेळेत हवा मिळाली म्हणून वाचली. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आधी हातपाय गळतात. एलपीजीला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, तो गळती झाली तर येतो. ह्याचा येत नाही. तुमच्या मेव्हण्याला हे नक्की सांगा. बसवायचाच असेल तर बाहेर डक्टमध्ये, उघड्या हवेवर. आत नाही म्हणजे नाही.

आणि आईंच्या बंबाला हसू नका. आमच्याकडं 2019 ला आणि परत 2021 ला पंचगंगा दारात आली. आम्ही कळंब्याला माहेरी जाऊन राहिलो. पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की नळ बंद, वीज पण जाते-येते. माहेरी विहिरीचं पाणी होतं आणि बंब होता. करवंट्या, नारळाची सोडणं, उसाची चिपाडं, जे हाताला लागेल ते घालायचं. दहा-बारा माणसांच्या आंघोळी त्यावर झाल्या. एवढंच, की नळ सोडला की तेवढंच गार पाणी वरनं ओतायचं, रिकामा तापू द्यायचा नाही. सांधा सुटला की आता नीट करून देणारा तांबट शोधत फिरायला लागतं.

पाचगावची वीट:

सगळ्यांचे आभार. वहिनी, तुमचा निरोप मेव्हण्याला तसाच्या तसा वाचून दाखवला, गप्प बसला.

पाना-पकड मामा, वरचं एक बाथरूम खालच्या बरोबर डोक्यावर आहे. दुसरं मात्र रस्त्याच्या बाजूला, बेडरूमला लागून. बायकोला तिथं छताएवढा मोठा शॉवर पाहिजे, मॉलमध्ये बघून आलीय. थंड पाण्याची टाकी जिन्याच्या हेडरूमवर, म्हणजे छतावर जिना निघतो त्या खोलीवर, ठेवायचं ठरलंय. सोलर कुठं ठेवू? आईनं पापड-सांडग्यांसाठी दक्षिणेची बाजू आधीच धरून ठेवलीय, आणि आठव्या गल्लीच्या भावाचं ऐकून पॅनलचा पण मोह व्हायलाय. छत सगळं मिळून साडेआठशे-नऊशे फूट भरेल.

पाना-पकड:

आईंना सांगा, पापडाला कुठलीही उन्हाची बाजू चालते, सोलरला दक्षिणच लागते. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सुद्धा सूर्य पन्नास अंशाच्या आसपासच चढतो, दक्षिणेकडं कललेला. तुमची हेडरूम आठ फूट असेल तर तिची सावली उत्तरेला दुपारी बारालाच सात फूट पडणार, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. हेडरूमच्या उत्तरेला सोलर ठेवलेलं घर मी मोरेवाडीत बघितलंय, थंडीत दुपारपर्यंत नळ्या सावलीत. पापड करायचे असतात मार्च-एप्रिल-मेला, तेव्हा ऊन डोक्यावर असतंय. उत्तरेची बाजू त्यांना द्या, कुणाचं नुकसान नाही.

दोनशे लिटरच्या ईटीसीला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा पुरते, चोहीकडं माणूस फिरेल एवढी ठेवा. विजेच्या 3 किलोवॅटला मात्र तीनशे फूट मोकळं छत लागतं. तुमच्या छतावर दोन्ही बसतंय. आठव्या गल्लीच्या भावाचं म्हणणं चुकीचं नाही. त्यातला एक फायदा त्यानं सांगितला नाही, तो मी सांगतो. एप्रिल-मेमध्ये जास्तीचे तयार झालेले युनिट नेट मीटरवर, म्हणजे दिलेली-घेतलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, जमा राहतात आणि पावसाळ्यातल्या वापरात वळते होतात. गरम पाण्याला ही सोय नाही, मेमधलं ऊन पाणी जुलैला मिळत नाही. नेट मीटरचे नियम अधनंमधनं बदलतात, तेव्हा आजचे काय ते महावितरणच्या कार्यालयात विचारूनच पैसे भरा. आत्ता बजेट ताणलं असेल तर सोलर हीटर आधी करा, पॅनलसाठी छतावरनं मीटरपर्यंत एक रिकामा पाईप गिलाव्यात टाकून ठेवा. नंतर भिंत फोडायला लागणार नाही.

शॉवरचं ऐका. हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि प्रत्येक घरात वहिनी माझ्यावर नाराज होतात. ईटीसीच्या टाकीला दाब सोसत नाही. थंड टाकी हेडरूमवर, एवढ्या उंचावरनं सरळ जोडली तर सोलरची टाकी फुगते, नळ्यांच्या रबरी रिंगांतनं पाणी झिरपायला लागतं. म्हणून शेजारी फ्लोटची छोटी टाकी बसवतात आणि तिच्यातनं सोलरला पाणी देतात. आता गरम पाण्याला जोर मिळतो तो त्या छोट्या टाकीच्या उंचीएवढाच. खालच्या मजल्यावर काही कळत नाही. वरच्या मजल्यावर, छताला लागून लावलेल्या त्या ताटाएवढ्या शॉवरमधनं गरम पाणी थेंब थेंब येतं आणि थंड मात्र हेडरूमवरनं धो धो. मिक्सर उघडला की थंड पाणी गरमला मागं ढकलतं. प्रेशर पंप लावतो म्हणाल तर तो सोलरच्या आधी लावायचा नाही, टाकी जाईल.

म्हणून रस्त्याकडच्या बाथरूमला सोलरची लाईन नेऊच नका. ते लांब पण आहे. तिथं 25 लिटरचा चांगला गिझर लावा, प्रेशर सोसणारा, 8 बारचा. थंड पाणी हेडरूमवरनं थेट. दोन्हीचा दाब सारखा, मिक्सर नीट चालतो, वहिनींचा शॉवर पण होतो. सोलर फक्त एकाखाली एक असलेल्या दोन बाथरूमना आणि स्वयंपाकघराला. तिथं शॉवर हातातला, साधा. आणि सोलर दीडशे लिटरचा बास होईल, पैसे वाचले ते त्या गिझरला घाला.

बाबांच्या बाथरूमला 15 लिटरचा गिझर वर सांगितला तसा सोलरच्या पुढं. म्हाताऱ्या माणसानं पहाटे गारठ्यात बादलीत हात घालून "आलं का गरम" म्हणून उभं राहायचं नाही. गिझरमधलं पाणी लगेच येतं, तोवर मागनं सोलरचं येऊन पोचतं.

आता सगळ्यात जास्त नळ्या कशानं फुटतात ते सांगतो. गारपिटीनं नाही, माकडानं नाही, पोरांच्या चेंडूनं पण नाही. पाण्याच्या वेळेनं फुटतात. दिवसाआड पाणी, मधेच वरची टाकी रिकामी, सोलर पण रिकामं. भर दुपारी कोरड्या नळ्या आतनं प्रचंड तापलेल्या असतात. तेवढ्यात नळाला पाणी येतं, कुणीतरी मोटर चालू करतं, गार पाणी तापल्या काचेवर पडतं. एकदम तडतड आवाज येतो आणि चार-पाच नळ्या एका दमात जातात. टाकी कधी रिकामी झालीच तर दुपारी भरायची नाही. सूर्य मावळल्यावर नाहीतर सकाळी सहाच्या आत. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मोटर चालवणाऱ्या प्रत्येकाला. सोलरच्या इनलेटला एक कॉक ठेवा, शंका आली की बंद करायचा.

तुमच्या मावसभावाचं राहिलं. खोल्या तापवायला आपल्याकडं काही नको, डिसेंबरात जाड वाकळ पुरते. फरशीखाली पाईप घातले तर दहा महिने ते नुसते झोपून राहणार. पाण्यासाठीचा हीट पंप मात्र मला पटतो. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो, आणि आपल्या पावसाळ्यात हवा बावीस-चोवीस अंश असते, ती त्याला छान मानवते. म्हणजे सोलर जिथं मार खातंय तिथं हा चालतो. अडचण किमतीची, फ्रीजसारख्या घरघरीची, आणि बिघडला की माणूस लवकर मिळेल काय ह्याची. हॉस्टेल, हॉटेल, मंगल कार्यालय असतं तर तेच सांगितलं असतं.

आठवी गल्ली, राजारामपुरी:

मामा, वळते युनिट मी पण सांगणार होतो, विसरलो. बाकी वायरमनचं खरं आहे हां.

पाचगावची वीट:

मामा, लै काम झालं. बायकोला शॉवर मिळतोय म्हटल्यावर सोलरच्या बाजूनं तिनंच बाबांना पटवलं. बंब परसात धुण्याच्या दगडाजवळ ठेवतोय, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पेटवू, एरवी आईची मर्जी. शेवटचं एक, गिलावा पुढच्या आठवड्यात आहे. त्याच्या आधी प्लंबरकडनं काय काय करून घेऊ?

पाना-पकड:

सगळे नळ-फाटे डमी लावून बंद करायला सांगा आणि प्रेशर तपासायच्या हातपंपानं लाईनीत प्रेशर भरून त्याच्या प्रेशर गेजचा आकडा लिहून ठेवा. रात्रभर राहू दे. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठंतरी सांधा सुटलाय, तो सापडेपर्यंत गवंड्याला हात लावू द्यायचा नाही. नवीन सीपीव्हीसीच्या सांध्यांना सिमेंट लावल्यावर लगेच प्रेशर देऊ नका, वाळायला वेळ द्या. गरम आणि थंड लाईन एकमेकींना चिकटून नेल्या असतील तर मधे वीतभर अंतर पाडून घ्या. परसाकडं एक थंड पाण्याचा नळ काढा, बंबात ओतायला आईंना घरातनं कळशी आणायला लागू नये. मग भिंतींचे फोटो काढा, प्रत्येक फोटोत टेप धरून, फरशीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते दिसेल असे. खिडकीच्या पडद्याचा रॉड लावणारा माणूस येतो ना, तो ड्रिल नेमका गरम लाईनीवर मारतो.